हॅम रेडिओसाठी ४० मीटर बँडची तारेची अँटेना घरी करूलालोय, माड २५ फुटांचाच गावतोय, चालेल का?

नंदगडचा_पोरगा

नमस्कार मंडळी. लायसन आलं एकदाचं, रिस्ट्रिक्टेड ग्रेड, व्हीयू३ मधला कॉलसाइन (हवेत सांगायचं स्टेशनचं नाव) मिळालाय आणि बेळगावातल्या एका दोस्ताकडनं यूबिटेक्स रेडिओ सेट घेतलाय, दहा वॅटचा. आता ४० मीटरच्या, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या, अँटेनाची बारी. रेडीमेड घ्यायची नाही असं ठरवलंय, एकतर पैसे आणि दुसरं म्हणजे हे हातानं करून शिकायचंच आहे मला, खरं नेटवर वाचायला बसलं की प्रत्येकजण वेगळंच सांगूलालाय आणि डोकं फिरायची वेळ आलीय.

घराची परिस्थिती अशी. खानापूर तालुका, कौलारू घर, पुढं अंगण. अंगणात एका बाजूला माड, दुसऱ्या बाजूला फणस, दोन्हीच्या मधी ७० फूट तरी अंतर असेल. माडावर २५ फुटांच्या वर दोरी न्यायला मला जमणार नाही, चढणारा माणूस नारळ काढायच्या टायमालाच येतोय. मागच्या शेतातनं ११ केव्हीची लाइन गेलीय, ती अंगणापासून लांब आहे तशी.

वाचलं तिथं सगळीकडं लिहिलंय की डायपोल (मधे केबल जोडलेली दोन बाजूंची तार) अर्ध्या वेव्हलेंथ उंचीवर पाहिजे म्हणजे ४० मीटरला २० मीटर म्हणजे ६५ फूट!! एवढा खांब कुठनं आणू मी? २५ फुटांवर लावली तर नुसती तार वाया जाईल का? दुसरं, घरात बंद पडलेल्या डिशची आरजी-६ केबल पडलीय बंडलभर, ती वापरली तर चालते की ५० ओहमचीच पाहिजे? बलून (केबलच्या बाहेरनं उलटा येणारा करंट अडवायचा) लागतोच का? आणि तार कसली घेऊ, शेतातल्या मोटारीची जुनी केबल आहे, ती सोलून घेतली तर?

मला सकाळच्या टायमाला पुणं, सांगली, हुबळी, बेंगळूर इकडच्या लोकांशी बोलायचंय, अमेरिका-बिमेरिका नंतर बघू.

निपाणीकर_ओएम

अभिनंदन भावा, स्वागत आहे. पहिल्यांदा ते ६५ फुटांचं डोक्यातनं काढून टाक. ते ज्यांनी लिहिलंय ते डीएक्ससाठी, म्हणजे लांबच्या देशांशी बोलायला लिहिलंय, त्यांना सिग्नल जमिनीलगतच्या कोनात, क्षितिजाकडं फेकायचाय. तुला पुणं-बेंगळूर पाहिजे. निपाणीहून, खानापूरहून ही गावं तीनशे-पाचशे किलोमीटरच्या आतबाहेर आहेत, आणि एवढ्या अंतराला सिग्नल सरळ वर, डोक्यावर जायला पाहिजे आणि आयनोस्फिअरला, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थराला लागून कारंज्यासारखा चारी बाजूला खाली पडायला पाहिजे. त्याला एनव्हीआयएस म्हणतात. आणि डायपोल खाली असला की तो नेमकं हेच करतो, जवळजवळ सगळी ताकद वर फेकतो. ४० मीटरला एनव्हीआयएससाठी चांगली उंची वेव्हलेंथच्या ०.१५ ते ०.२ पट समजतात, म्हणजे ६ ते ८ मीटर, म्हणजे २० ते २६ फूट. तुझा माड कितीला आहे म्हणालास? २५. मग रडतोस कशाला. लोक खांब उभा करायला पैसे घालतात आणि मग सांगलीवाला ऐकू येत नाही म्हणून परत विचारायला येतात.

खरं १२-१३ फुटांच्या खाली आणू नको, मग जमीनच ताकद खायला लागते. तुमच्या तिकडची तांबडी जांभ्याची जमीन उन्हाळ्यात वाळून कोरडी ठाक होते, ती काय चांगली कंडक्टर नव्हे. पावसाळ्यात भाताच्या खाचरात पाणी साचलं की फरक पडतो, अँटेना ट्यूनिंगपासून थोडी सरकते पण.

दिवसा ७ मेगाहर्ट्झवर हे चालतं कारण आपण विषुववृत्ताच्या तसे जवळ, बेळगाव १६ अंशाच्या आतच येतंय, त्यामुळं वरचा थर दिवसा चांगला दाट असतो आणि सरळ वर गेलेलं ७ मेगाहर्ट्झ परत खाली पाठवतो. युरोपातल्या लोकांना असल्या कामाला बरेचदा ८० मीटरला जावं लागतंय. रात्री उशिरा आणि पहाटे तो थर पातळ होतो, मग जवळचे लोक गायब आणि लांबचे लोक कानाशी. म्हणून पहाटे पाच वाजता सांगलीला हाका मारून अँटेना नापास करू नको, सूर्य वर येऊ दे.

आता माप. मीटरमधलं सूत्र १४२.६ भागिले फ्रिक्वेन्सी, फुटांत पाहिजे तर ४६८. आपला बँड ७.००० ते ७.२००, मधला धर ७.१००. ४६८ भागिले ७.१ म्हणजे ६५.९ फूट, २० मीटर आणि वर थोडं, निम्मं करून एका बाजूला १०.०४ मीटर, ३३ फूट झाले. खरं ह्या मापावर तोडायची नाही! प्रत्येक बाजूला फूटभर जास्त ठेव, वर चढव, मोज, मग कमी कर. पीव्हीसी कव्हरवाली तार असेल तर अजून तीन-चार टक्के कमी भरते ती, म्हणजे सूत्राच्या मापावर लावलीस तर बँडच्या खाली रेझोनन्स (अँटेना सगळ्यात चांगली चालते ती फ्रिक्वेन्सी) येईल. कमी करताना पण कापायची घाई नको, टोक मागं दुमडून तारेवरच घट्ट पिळून टाक, दुमडलेला भाग विजेच्या दृष्टीनं जवळजवळ नसल्यासारखाच. चुकलं तर उलगडता येतंय.

आकार इन्व्हर्टेड व्ही कर. मधला भाग माडाला दोरीनं २५ फुटांवर आणि दोन्ही टोकं खाली उतरती. फणस नाही वापरलास तरी चालतंय, टोकाला बांबू रोव. दोन बाजूंमधला कोन १२० अंशाच्या आसपास ठेव, ९० च्या खाली नको. सरळ डायपोलचा इम्पीडन्स (करंटला होणारा विरोध) मोकळ्या जागेत ७३ ओहम असतो, व्ही केल्यावर खाली येऊन ५० च्या आसपास येतो, सेटला बरं पडतं. टोकं मात्र माणूस-जनावर हात लावू शकणार नाही इतकी वर, ८-१० फूट तरी. टोकाला व्होल्टेज सगळ्यात जास्त असतं, दहा वॅटला सुद्धा शेकडो व्होल्टमध्ये जातंय आणि चटका बसतो.

उद्यमबागवाला

वरच्या सायबांनी माप सांगितलंच आहे, मी तारेचं सांगतो, आपला धंदाच वाइंडिंगचा.

मोटारीची केबल सोलू नको रे बाबा, तसलीच ठेव. कव्हर असलं म्हणून रेडिओ लहर अडत नाही, उलट पावसात तांबं काळं पडत नाही. ७ मेगाहर्ट्झला करंट तारेच्या फक्त कातडीवरनं जातो, तांब्यात ती खोली ०.०२५ मिलिमीटर येते, म्हणजे केसापेक्षा पातळ. जाड तार घेऊन आत करंटच नाही, त्यामुळं १.५ स्क्वेअरची घरगुती वायर असली तरी रग्गड. जाडी पाहिजे ती ताणासाठी, वाऱ्यासाठी. जुनी मोटारीची केबल ॲल्युमिनियमची नाही ना एवढं बघ, काही काही ठिकाणी ॲल्युमिनियमची असते, ती वाऱ्यात हलून हलून जोडाजवळ मोडते आणि तिला सोल्डरचा डाग पण लागत नाही.

कुठल्याही मोटार वाइंडिंगच्या दुकानात जाऊन एनॅमलची तांब्याची तार माग, १६ किंवा १८ गेज, वजनावर मिळते. खरं नवी तार लावायच्या आधी एक टोक झाडाला बांधून दुसऱ्या टोकानं चांगली ओढून घे, नरम तांबं महिना-दोन महिन्यात ओढलं जाऊन लांब होतंय आणि तुझा रेझोनन्स खाली घसरत जातो, मग माणूस म्हणतो अँटेना बिघडली. जोडाजवळ एनॅमल खरवडून मगच डाग दे, नुसतं पिळून ठेवलास तर आत कनेक्शनच नाही. बाइंडिंगची लोखंडी तार सांगतील लोक, स्वस्त म्हणून. जस्ताचा मुलामा आहे तोवर ठीक, तुमच्या खानापूरच्या पावसात तो किती टिकतोय तूच बघ.

इन्सुलेटरला पैसे घालू नको. तुमच्याकडं रानडुकरं आणि गवे येतात म्हणून शेताला झटका मशीनचं कुंपण घालतात की नाही, त्याचे प्लॅस्टिकचे इन्सुलेटर शेतीच्या दुकानात सुटे मिळतात, ते एक नंबर. नसेल तर पीव्हीसी पायपाचे चार बोटं लांबीचे तुकडे, दोन्ही बाजूला भोक पाडून. मधल्या जोडाला पायपाचा टी घे, कोॲक्स केबल खालून आत, दोन तारा दोन बाजूनं बाहेर, आणि केबलचा भार डागावर येऊ द्यायचा नाही, केबल आधी दोरीनं टीला बांधायची मग जोड. बऱ्याच अँटेना तिथंच मोडतात.

दोरी निळी-हिरवी नायलॉनची घेऊ नको, उन्हात तिचा भुगा होतोय. काळी यूव्हीवाली घे. आणि माडाला घट्ट बांधू नकोस, माड वाऱ्यात हलतो, तार तटकन तुटेल. कप्पी लाव, दोरी कप्पीतनं खाली घे आणि टोकाला वाळू भरलेला डबा टांग, माड झुकला की डबा वर, सरळ झाला की खाली.

एफटी८_बॉस

कशाला एवढा खटाटोप? एंड-फेड लावा, ६६ फूट तार, एका टोकाला ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर, खिडकीतनं सरळ झाडावर. ४०, २०, १५, १० चारी बँड. मधनं केबल लोंबत नाही काही नाही.

निपाणीकर_ओएम

@एफटी८_बॉस बरोबर आहे, जागा कमी असेल, टेरेसवर असेल तर एंड-फेडच. खरं तिला चांगला फेराइट कोअर पाहिजे, तो हुडकत बसावं लागतंय, आणि तार एका टोकाला घराजवळ येते म्हणजे घरातल्या सगळ्या चार्जर-एलईडीचा आवाज पण तिच्यातनं आत. ह्याच्याकडं ७० फूट अंगण आहे आणि माड पण आहे. एवढी जागा असताना ट्रान्सफॉर्मर गुंडाळायला कशाला लावतोस नव्या पोराला. आणि ४० मीटरचा डायपोल १५ मीटरला पण बोलतो, तिप्पट फ्रिक्वेन्सीला, फुकटात. थोडा वर लागतो रेझोनन्स, २१ च्या बँडच्या वरच्या कडेला नाहीतर थोडा बाहेरच, खरं कामाला येतो.

आरजी-६ चं राहिलं. वापर बिनधास्त. ७५ ओहमची आहे म्हणून घाबरतात लोक, ७५ भागिले ५० म्हणजे दीडपटीचाच फरक, एसडब्ल्यूआर (ताकद किती परत येते त्याचं माप, १ सगळ्यात चांगलं) थोडा वाढला तरी त्यानं तुझा सेट काही मरत नाही. ७ मेगाहर्ट्झला वीस मीटर केबलमधला लॉस ऐकू सुद्धा येणार नाही. अडचण एकच, स्वस्तातल्या आरजी-६ ची जाळी ॲल्युमिनियमची असते, तिला डाग धरत नाही. केबलवाले लावतात तो एफ कनेक्टर लाव दाबून आणि तिथनं पुढं स्क्रूनं तार जोड.

बलून म्हणून फेराइट घ्यायची गरज नाही. जोडाच्या लगेच खाली केबलचीच ६ ते ८ वेढ्यांची गुंडाळी कर, पंधरा-वीस फूट केबल जाईल, वेढे शेजारी शेजारी ठेव, गुंता नको. आरजी-६ कडक असते, लहान वेढा मारलास तर आतला फोम दबतो, म्हणून सहा इंचाच्या खाली नको. त्यानं केबलच्या बाहेरच्या अंगावरनं खाली येणारा करंट अडतो, नाहीतर माइकला ओठ लागला की चुरचुरतंय.

नंदगडचा_पोरगा

लई उपकार झाले सगळ्यांचे. रविवारी वर चढवली. गलोलीनं मासेमारीची तंगूस माडावरनं पलीकडं मारली, तिला सुतळी, सुतळीला दोरी, असं करत मधला टी २४-२५ फुटांवर गेलाय. दोन्ही टोकं बांबूला ९ फुटांवर. १.५ स्क्वेअरची पीव्हीसी वायर, एका बाजूला १०.३० मीटर ठेवली. दोस्ताचा नॅनोव्हीएनए (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) आणलाय, तो दाखवूलालाय की सगळ्यात कमी एसडब्ल्यूआर ६.८५० ला आहे, १.३. आणि ७.१०० ला तीनच्या वर. आता किती कापू? का दुमडू?

दुसरं म्हणजे ऐकू येतंय खरं मागं एक टक... टक... टक... असा आवाज आहे, सेकंदाला एक असा, घड्याळ लावावं तसं. दिवसा कमी, अंधार पडला की सुरू. आणि त्याशिवाय एक घूं पण आहे सततचा. पुणेवाले बोलताना कळतंय खरं त्रास होतोय.

निपाणीकर_ओएम

मस्त! हे त्रैराशिक आहे, शाळेतलं. आत्ताची लांबी गुणिले आत्ताची फ्रिक्वेन्सी भागिले पाहिजे ती. २०.६० गुणिले ६.८५ भागिले ७.१ म्हणजे १९.८७ आलं. म्हणजे एकूण ७३ सेंटिमीटर जास्त आहे, एका बाजूला ३६. तू ३० च दुमड आधी, दोन्ही बाजूला सारखं, परत मोज. उरलेलं शेवटी बोट-दोन बोटांनी. ७.१०० ला एकदा बसली की ७.००० पासून ७.२०० पर्यंत सगळीकडं दोनच्या आत राहील, ट्यूनर लागणार नाही. तोपर्यंत ७.१०० ला ट्रान्समिट दाबून धरू नको, यूबिटेक्सच्या पॉवर ॲम्प्लिफायरमध्ये आयआरएफ५१० ट्रान्झिस्टर आहेत, ते फार सहनशील म्हणून कुणी ओळखत नाही.

टक टकचं उद्यमबागवाल्यांनी मगाशी न विचारता सांगितलंय बघ. झटका मशीन!

उद्यमबागवाला

हाहा, व्हय की. झटका मशीन सेकंदाला एक फटका मारतंय तारेत. मशीन चांगलं असेल आणि कुंपण स्वच्छ असेल तर एवढा आवाज नाही येत, खरं तारेला गवत लागलेलं असतंय, ओला वेल चढलेला असतो, नाहीतर एखादा इन्सुलेटर तडकलेला असतो, तिथं ठिणगी उडते आणि ती ठिणगी म्हणजे ट्रान्समीटरच. रात्री चालू करतात म्हणून अंधार पडल्यावर. छोटा ट्रान्झिस्टर घे, एएम वर, स्टेशन नसलेल्या जागेला लाव आणि कुंपणाच्या कडंनं चालत जा, जिथं टक मोठा होईल तिथं बघ. रात्री गेलास तर ठिणगी डोळ्यांनी पण दिसते कधी कधी. शेजाऱ्याला "तुझ्या मशीनमुळं माझा रेडिओ बिघडतोय" असं सांगायला जाऊ नको, तो म्हणेल रेडिओ बंद कर. "दादा तुमचा झटका इथं गळतोय, डुक्कर आलं तर पुढं ताकद राहणार नाही" असं सांग, तो स्वतः कोयता घेऊन येतो गवत कापायला.

घूं घरातला आहे. सेट बॅटरीवर लाव, १२ व्होल्टचीच लागते, आणि घराचा मेन स्विच पाड. घूं गेला तर एक एक एमसीबी वर करत जा, कुठला तो सापडतो. बहुतेक एलईडी बल्ब नाहीतर मोबाइलचा स्वस्तातला चार्जर. मेन पाडून पण राहिला तर शेजारपाजारचा, मग लाइट जायची वाट बघ, गावाची लाइट गेली की ४० मीटर ऐकायला बस, तसला शांत बँड परत मिळत नाही 😄

शहापूर_अक्का

सगळं वाचलं. तारेचं झालं, उंचीचं झालं, मशीनचं पण झालं, पण ज्यात जीव जातो त्या दोन गोष्टी कुणीच नीट बोललं नाही म्हणून लिहिते. तू मुलाच्या वयाचा आहेस म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नकोस.

पहिली ती ११ केव्हीची लाइन. "लांब आहे तशी" हे माप नाही. अँटेना तुटली, दोरी सुटली, बांबू पडला आणि सगळी तार वाऱ्यानं त्या बाजूला उडाली तर कुठपर्यंत पोचेल, ते मोज. एका बाजूची तार दहा मीटर, वर दोरीची लांबी, वर बांबू. त्या सगळ्याच्या बेरजेपेक्षा लाइन लांब पाहिजे, आणि वर चांगली सोड. गलोलीनं दोरा मारताना पण लाइनकडे पाठ करून मारायचा, लाइनच्या दिशेनं कधीच नाही, ओला दोरा पण वीज नेतो. दोरा लाइनवर पडला तर तो सोडून द्यायचा आणि लाइनमनला फोन करायचा, ओढायचा नाही. पीव्हीसीचं कव्हर ११ हजार व्होल्टला काहीच नाही. आणि घराला येणाऱ्या सर्व्हिस वायरवरनं सुद्धा अँटेना ओलांडून न्यायची नाही, खालनं पण नाही.

दुसरी वीज. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये वळीव येतो दुपारनंतर आणि परत ऑक्टोबरात जाता पाऊस, दोन्ही वेळेला गडगडाट. तू माडाला तार बांधलीस, अंगणातलं सगळ्यात उंच झाड तेच असणार. ढग दिसला की नाही, गडगडाट ऐकू यायच्या आधी केबल सेटमधनं काढायची आणि खिडकीच्या बाहेर न्यायची. नुसती काढून टेबलावर ठेवली तर काही उपयोग नाही, एवढ्या उंचावरनं आलेली वीज टेबलावरनं सेटमध्ये उडी मारायला लाजत नाही. बाटलीत घालून ठेवायची पद्धत कुणी सांगितली तर ऐकू नकोस. बाहेर भिंतीला एक पत्र्याची पेटी ठोक, त्यात केबलचा जोड ठेव, पेटी जाड तारेनं अर्थिंगच्या रॉडला, रॉड ओल असलेल्या जागी, आणि तो रॉड घराच्या अर्थिंगला पण जोडलेला पाहिजे, दोन वेगळी अर्थिंगं ठेवायची नाहीत. गॅसचे अरेस्टर (जास्तीचं व्होल्टेज अर्थिंगला सोडणारे) मिळतात ते लाव, खरं ते जवळपास पडलेल्या विजेसाठी आणि साठलेल्या चार्जसाठी, अंगावर पडली तर कुणाचंच काही चालत नाही. म्हणून पावसाळा लागायच्या आधी रात्री झोपताना केबल बाहेरच असली पाहिजे, सेट वापरत नसताना नेहमीच.

उन्हाळ्यात कोरड्या वाऱ्यानं पण तारेवर चार्ज साठतो, ढग नसताना. त्याला मधल्या जोडावर, दोन तारांच्या मधे, एक लाख ओहमचा दोन वॅटचा रेझिस्टर जोडून टाक, चार्ज गळत राहतो आणि ट्रान्समिटवर त्याचा काही परिणाम नाही.

आता पावसाचं. खानापूर, जांबोटी भागातला पाऊस तुला मी सांगायला नको. पाणी केबलच्या आत जाळीतनं केशाकर्षणानं उतरतं आणि वरनं काहीच दिसत नाही, फक्त एसडब्ल्यूआर हळूहळू विचित्र होत जातो, कधी कधी *चांगला* दिसायला लागतो कारण केबलच सगळं खायला लागते. म्हणून मधल्या टीची तोंडं बंद कर, पण एकदम खाली एक बारीक भोक ठेव, आत धरलेलं पाणी गळायला. जोडावर सेल्फ-अमल्गमेटिंग टेप, रबराची असते, ओढून ओढून गुंडाळायची, ती स्वतःलाच चिकटते, आणि वरनं साधी काळी टेप उन्हापासून जपायला. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांब्यावर लावू नकोस, ते आम्ल सोडतं आणि तांबं खातं. घरात शिरायच्या आधी केबलला खाली एक झोळ दे म्हणजे पाणी तिथनं टपकेल, खिडकीत येणार नाही.

नंदगडचा_पोरगा

अक्का राग कसला, बरं केलंत सांगितलं ते. लाइन टेप घेऊन मोजली, माडापासून ४८ मीटर आहे. तार, दोरी, बांबू सगळं धरून १९-२० भरतंय. तरी पण लाइनच्या बाजूचं टोक आता फिरवून घेतलं, दोन्ही टोकं लाइनला समांतर केली. रेझिस्टर आणि पेटी ह्या आठवड्यात बसवतो.

३० सेंटिमीटर दुमडल्यावर ७.०६० ला आली, अजून थोडी दुमडून ७.१०० ला १.२. सकाळी नऊला पुणेवाल्यांना हाक मारली, पहिल्याच हाकेला उत्तर, सिग्नलचा रिपोर्ट ५७ दिला मला! हुबळीचे एक काका तर म्हणाले सिग्नलची ताकद दाखवणारा एस मीटर नऊला लागतोय. घूं टीव्हीच्या सेट टॉप बॉक्सच्या अडॅप्टरचा निघाला.

एकच अजून. बेंगळूर मात्र दुपारी फिकं होतंय आणि संध्याकाळी परत येतंय, हे माझ्या अँटेनामुळं आहे की बँडमुळं? आणि दोन दिशांना सारखं जातंय का, माझी तार आता पूर्व-पश्चिम झालीय.

निपाणीकर_ओएम

बँडमुळं. दुपारी आयनोस्फिअरचा खालचा डी थर जोरात असतो, ७ मेगाहर्ट्झ शोषून घेतो, सूर्य कलला की तो उतरतो आणि सिग्नल मोकळा होतो. दहा वॅटला ते जास्त जाणवतं, शंभर वॅटवाल्याला कळत पण नाही. दिशेचं विचारलंस तर एवढ्या खालच्या डायपोलला दिशाच नसते म्हटलं तरी चालेल, सगळं वरच जातंय, पूर्व-पश्चिम असू दे नाहीतर कशी पण. दिशा उंच अँटेनाला.

स्वतःचा सिग्नल कसा जातोय ते बघायचं असेल तर इंटरनेटवर वेबएसडीआर असतात, लांबच्या गावचा रिसीव्हर ब्राउझरमधनं ऐकता येतो. एका कानाला तो लाव आणि इकडं कॉलसाइन सांगून दोन शब्द बोल, सेकंदभरानं स्वतःचाच आवाज येतो. हेडफोन लावूनच कर, नाहीतर माइकमध्ये परत शिरतंय.

उद्यमबागवाला

आणि वाळूच्या डब्याला झाकण लाव. आगोटीला पाणी भरलं की डबा जड होतो आणि तार ओढायला लागतो.